कऱ्हाडचा अर्धा र

कृष्णा आणि कोयना या दोन नद्या जेथें समोरासमोर येऊन भेटतात, तेथें सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाड हें गांव वसलेलें आहे. कोणी त्याचें नांव ‘कराड’ असें लिहितात, कोणी ‘कऱ्हाड’ असें लिहितात. दुसऱ्या प्रकारें लिहितांना ‘ह’च्या डाव्या अंगाला विळ्यासारखी एक वांकडी रेघ काढावी लागते. ती रेघ म्हणजे अर्धा र. ‘साताऱ्यास’ या शब्दांत तोच आहे, ‘शेतकऱ्याचें’ या शब्दांतहि तोच आहे. मराठी माणसाच्या कानाला ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद शिकवावा लागत नाहीं. एक समुद्र, तर दुसऱ्या डोंगरांमधील खोल जागा. पहिल्या शब्दांत ‘द’वर आघात येतो, दुसऱ्यांत येत नाहीं. हा कानाचा भेद लिपीनें दोन निराळ्या खुणांनीं जपला: एके ठिकाणीं डोक्यावरचा रफार, दुसरे ठिकाणीं ही वांकडी रेघ.

ज्याला लिहितां-वाचतां येतें त्याला हा अर्धा र अवघड नाहीं. अवघड तो यंत्राला आहे. विंडोज प्रणालीवर चालणारा एखादा प्रोग्रॅम मराठींत करावयाचा, मग तो कारखान्याच्या ऊस-नोंदीचा असो, पतसंस्थेच्या खात्यांचा असो अथवा जमिनीच्या उताऱ्याचा असो, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यापुढें ठराविक प्रश्न पुनःपुन्हां उभे राहतात. त्यांतील बहुतेक प्रश्न या एका अक्षराच्या आधारें समजून घेतां येतात. त्यांची सुरुवात मात्र संगणकाच्या कितीतरी आधीं झालेली आहे.

सांगली जिल्ह्यांतील मिरज येथें, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें, १८०५ सालीं भगवद्गीता छापली गेली. अक्षरें तांब्याच्या पत्र्यावर कोरून तो पत्रा छापावयाचा, अशी ती रीत होती. नाना फडणीसांनीं पुण्यास ज्या कारागिराकडून या कामास आरंभ करविला होता, त्याला नानांच्या मृत्यूनंतर, म्हणजे १८०० नंतर, मिरजेंत आश्रय मिळाला. या रीतींत जोडाक्षराचा प्रश्नच उद्भवत नाहीं. कोरणाऱ्याचा हात लिहिणाऱ्याच्या हातासारखाच चालतो. जेथें रेघ वांकडी हवी तेथें तो ती वांकडी कोरतो. उणीव एवढीच, कीं एक पत्रा एकाच पानाच्या उपयोगाचा. दुसरें पान छापावयाचें तर पुन्हां आरंभापासून कोरणें आलें.

पुढें खिळ्यांचें मुद्रण रूढ झालें आणि अक्षर हें सुटें करून ठेवण्याची, हवें तेव्हां जुळविण्याची वस्तु झाली. रोमन लिपीचें काम थोड्या खिळ्यांत भागतें. देवनागरीला मात्र पूर्ण अक्षरें, अर्धीं अक्षरें, वर-खालीं लागणाऱ्या मात्रा आणि तयार जोडाक्षरें मिळून शेंकडों खिळे लागत. खिळे कमी व्हावे म्हणून लिपीच बदलावी, असा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जोरानें मांडला गेला. सावरकरांनीं पुरस्कारलेल्या ‘अ’च्या बाराखडीमागें हाहि एक हेतु होता. टंकलेखन-यंत्र आलें तेव्हां अडचण अधिकच वाढली, कारण त्याच्या कळांवर सारीं मिळून नव्वदीच्या आसपास चिन्हें बसत. तेथें अक्षराचे तुकडे पाडून, कानाची, काठीची व अर्ध्या अंगाची जोडणी करून मजकूर उमटवावा लागे. लिपीचा व यंत्राचा तंटा असा कीं, लिपी म्हणे, शेजारचें अक्षर पाहून माझें रूप ठरतें. आणि यंत्र म्हणे, माझ्या प्रत्येक घरांत एकच ठराविक रूप राहील.

हा तंटा सोडविणारा विचार संगणकाच्या काळांत पुढें आला. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें भारतीय लिप्यांवर जें काम झालें, तें पुढें पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें चालविलें. सी-डॅकची स्थापना १९८८ मध्यें झाली. भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ ही सांकेतिक पद्धत ठरली आणि १९९१ मध्यें तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिचें तत्त्व साधें होतें. संगणकाच्या स्मृतींत अक्षराचें रूप सांठवावयाचें नाहीं, तर उच्चाराच्या क्रमानें मूळ वर्ण सांठवावयाचे. रूप कसें दिसावें हें पडद्यावर किंवा कागदावर उतरवितांना ठरवावयाचें. ‘क्ष’ म्हणून निराळें चिन्ह नको. ‘क’, हलन्ताची खूण आणि ‘ष’ एवढें पुरे. खिळ्यांच्या काळांत ज्या दोन गोष्टी एकाच तुकड्यांत कोंबाव्या लागल्या होत्या, त्या येथें प्रथमच वेगळ्या झाल्या.

परंतु चांगला विचार लागलीच रूढ होतो असें नाहीं. विंडोजची ३.१ ही आवृत्ति १९९२ मध्यें आणि विंडोज ९५ ही १९९५ मध्यें बाजारांत आली. त्या वेळच्या विंडोजला देवनागरीचें ज्ञान नव्हतें. एका अक्षराला एक बाइट, आणि त्या बाइटांत इंग्रजी व युरोपीय अक्षरें, हीच तिची समजूत होती. तेव्हां मराठींत काम करणाऱ्यांनीं जवळचा मार्ग धरला. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविलेले फॉन्ट तयार झाले. सी-डॅकचें आय. एस. एम., पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपि, तसेंच आकृति अशा संचांनीं छापखान्यांचें व कचेऱ्यांचें काम सुरू करून दिलें, हें त्यांचें श्रेय मोठें आहे. दोष इतकाच कीं, प्रत्येक संचाची मांडणी निराळी. एका संचांत ज्या जागीं अर्धा र, त्याच जागीं दुसऱ्यांत भलतीच मात्रा. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तो फॉन्ट तेथें नसला, म्हणजे ‘कऱ्हाड’च्या जागीं अर्थहीन रोमन अक्षरांची ओळ दिसे. प्रोग्रॅमला तर नांव कधींच कळत नसे. त्याच्या लेखीं तीं इंग्रजी अक्षरेंच होतीं.

नेमक्या याच काळांत संगणक खेड्यांत येऊं लागला होता. वारणानगरच्या सहकारी समूहाच्या परिसरांत १९९८ मध्यें केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्यानें एक योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील सुमारें सत्तर गांवें संगणकांनीं जोडावयाचीं, आणि शेतकऱ्याला ऊसाची नोंद, तोडीची पाळी, वजन व हिशेब गांवांतच मिळावा, असा तिचा हेतु होता. कांहीं वर्षांनीं मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागानें याच परिसरांतील सात गांवांत, संगणकाऐवजीं मोबाइलच्या लघुसंदेशांनीं हें काम करून पाहिलें व तें चांगलें चाललें. वजनाचा आंकडा कळण्यापुरता लहानसा पडदाहि पुरतो. पण जेथें माणसाचें नांव, गांव आणि हक्क यांची नोंद करून ती जपून ठेवावयाची असते, तेथें मजकूर बिनचूक सांठविणारा प्रोग्रॅमच हवा असतो.

त्याची पायाभरणी युनिकोडनें केली. जगांतील सर्व लिप्यांना एकाच पद्धतींत क्रमांक देणाऱ्या या मानकाची पहिली आवृत्ति १९९१ मध्यें निघाली, आणि तींत देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली होती. १९९३ च्या विंडोज एन. टी.नें आपल्या अंतर्गत व्यवहारासाठीं युनिकोड स्वीकारलें. मात्र मराठीला तिचा खरा लाभ २००० सालच्या विंडोज २००० पासून झाला. त्या आवृत्तींत वर्णांच्या क्रमावरून रूप घडविणारी ‘युनिस्क्राइब’ नांवाची यंत्रणा होती, आणि सोबत ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट होता. मंगलची अक्षरें र. कृ. जोशी यांनीं घडविलीं. सुलेखनकार, कवि आणि पवईच्या आय. आय. टी.मधील अध्यापक अशी त्यांची ख्याति होती. २००८ मध्यें ते निवर्तले. मिरजेच्या कारागिरानें तांब्यावर जें हातानें केलें, तें आतां नियमांच्या रूपानें फॉन्टमध्यें लिहिलें गेलें. ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘ह’ असा क्रम दिसला, कीं रेघ वांकडी काढावयाची.

येथें प्रश्न संपले असें वाटेल. वस्तुतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे प्रश्न येथून सुरू झाले. प्रणाली शहाणी झाली तरी जुने प्रोग्रॅम तसेच होते. वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो, तसा या क्षेत्रांतील जाणता माणूस पडद्यावरच्या बिघाडावरून दोष ओळखतो, आणि तीं लक्षणें तीन आहेत. पडद्यावर रिकामे चौकोन दिसले तर मजकूर शाबूत आहे. फक्त फॉन्टमध्यें अक्षरें नाहींत. अर्थहीन रोमन अक्षरें दिसलीं तर बाइट शाबूत आहेत. ते कोणत्या संकेतानें वाचावयाचे हें चुकलें आहे, आणि योग्य रूपांतर केल्यास नांव परत मिळतें. परंतु प्रश्नचिन्हांची ओळ दिसली आणि तीच फाइलींत सांठविली गेली असेल, तर नांव गेलें. प्रत्येक वर्णाच्या जागीं तेंच एक चिन्ह लिहिलें गेलें. त्यांतून मूळ वर्ण कोणी काढूं शकत नाहीं.

हीं प्रश्नचिन्हें कोठून येतात? विंडोजमध्यें मजकुराशीं संबंध असलेल्या बहुतेक कामांना दोन द्वारें ठेवलेलीं आहेत. ज्याच्या नांवाच्या शेवटीं ‘ए’ हें अक्षर, तें जुन्या बाइटी अक्षरांचें द्वार. ज्याच्या शेवटीं ‘डब्ल्यू’, तें युनिकोडचें रुंद द्वार. देवनागरीसाठीं जुन्या पद्धतीची संकेत-सारणी विंडोजनें कधीं केलीच नाहीं. म्हणून ‘ए’च्या द्वारांतून मराठी नांव आंत जाऊं लागलें, कीं प्रणाली त्याच्याकरितां जुन्या सारणींत जागा शोधते, ती सांपडत नाहीं, आणि ती प्रश्नचिन्ह ठेवून मोकळी होते. १९९८ चें व्हिज्युअल बेसिक ६ हें याचें प्रसिद्ध उदाहरण. त्या भाषेच्या पोटांत मजकूर युनिकोडमध्येंच असे. पण तिच्या खिडक्यांतील लिहिण्याच्या चौकटी जुन्या पद्धतीच्या होत्या. नांव पोटांत शुद्ध, चौकटींत अशुद्ध! उपाय एकच: मजकुराचा सारा प्रवास, चौकटीपासून फाइलीपर्यंत, रुंद द्वारानेंच करावयाचा. २००२ मध्यें आलेल्या डॉट नेटनें हा मार्ग नित्याचा केला. त्याच काळीं विंडोज एक्स. पी. वापरणाऱ्यास आणखी एक पायरी चढावी लागे. नियंत्रण-पटलावर जाऊन जटिल लिप्यांच्या आधाराची खूण चालू केली नाहीं, तर मात्रा व हलन्त सुटे सुटे दिसत. ‘प्रोग्रॅम बिघडला’ अशी पुष्कळ तक्रार या एका न केलेल्या खुणेची होती.

दुसरा प्रश्न लांबीचा. डोळ्याला ‘कऱ्हाड’ हें तीन अक्षरी नांव दिसतें. युनिकोडमध्यें तेथें सहा वर्ण आहेत: क, ऱ, हलन्त, ह, काना आणि ड. यू. टी. एफ.-८ या रीतीनें फाइलींत लिहिलें, तर प्रत्येक वर्णास तीन याप्रमाणें अठरा बाइट लागतात. ज्यानें ‘नांवासाठीं वीस जागा’ असें इंग्रजीच्या हिशेबानें ठरविलें, त्याच्या प्रोग्रॅममध्यें मराठी नांवाचा शेवट तुटतो. आणि तो हलन्तावर तुटला तर शेवटचें अक्षर लंगडें होऊन उरतें. म्हणून जागा बाइटांनीं मोजावयाची, पण नांव तोडावयाचें झालें तर पूर्ण अक्षराच्या सीमेवरच तोडावयाचें, हा नियम पाळावा लागतो.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा. हेंच नांव तीन प्रकारांनीं सांठवितां येतें. एक प्रकार वर सांगितला. त्यांत ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण आहे, आणि युनिकोडमध्यें त्याचा क्रमांक साध्या ‘र’च्या लगेच पुढचा आहे. दुसऱ्या प्रकारांत साधा ‘र’ आणि त्याखालीं नुक्ता. तिसऱ्या प्रकारांत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढें न दिसणारें एक जोडचिन्ह. हा प्रकार युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून मान्य ठेवलेला आहे. पडद्यावर तिन्ही रूपें तंतोतंत सारखीं दिसतात. संगणकाच्या लेखीं मात्र तीं तीन निराळीं नांवें आहेत. एकानें एका कळफलकावर नोंद केली आणि दुसऱ्यानें दुसऱ्या कळफलकावर शोध घेतला, तर ‘नोंद आढळली नाहीं’ असें उत्तर येतें. शोधणारा डोळे चोळून पाहतो, तरी त्याला चूक दिसत नाहीं. कारण चूक डोळ्याला दिसणारी नाहींच. युनिकोडच्या सामान्यीकरणाच्या नियमानें पहिलीं दोन रूपें एक होतात. तिसरें त्यानें एक होत नाहीं. त्यासाठीं प्रोग्रॅममध्यें वेगळी आज्ञा लिहून, नांव आंत घेतांनाच तें एका ठरलेल्या रूपांत आणावें लागतें, आणि शोधाचा शब्दहि त्याच चाळणींतून काढावा लागतो.

चौथा प्रश्न क्रमाचा. नुसत्या क्रमांकांवरून नांवें लावलीं तर ‘ळ’ हा ‘ल’च्या मागोमाग येतो आणि ‘क्ष’ची नांवें ‘क’मध्यें मिसळतात. मराठी बाराखडी शिकलेला कारकून मात्र ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ हीं ‘ह’च्या पुढें शोधतो. यादी मराठीच्या क्रमाप्रमाणें लावण्याची सूचना प्रोग्रॅमला उघडपणें द्यावी लागते. आंकड्यांचेंहि तसेंच आहे. देवनागरी अंक दिसावयास सुंदर. पण डॉट नेटमध्यें अंकांचें संख्येंत रूपांतर करणारी आज्ञा इंग्रजी अंकच ओळखते, म्हणून ते आधीं बदलून घ्यावे लागतात. लाख-कोटींचा स्वल्पविराम तीन अंकांनंतर एकदां व पुढें दोन-दोन अंकांनंतर पडतो. विंडोजमध्यें तशी योजना आहे, पण ती मागावी लागते. तारखेंत दिवस आधीं कीं महिना आधीं हें ज्या त्या संगणकाच्या प्रादेशिक मांडणीवर अवलंबून असतें. म्हणून दप्तरांत वर्ष, महिना, दिवस असाच क्रम ठेवणें शहाणपणाचें. जमिनीच्या मापांत तर एका टिंबानें अनर्थ होतो. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. ‘एक हेक्टर पांच आर’ हें १.०५ आहे, तें १.५ असें लिहिलें गेलें, तर पंचेचाळीस आर जमीन कागदावर वाढते. क्षेत्र चौरस मीटरांच्या पूर्ण संख्येंत सांठविलें, म्हणजे १०,५०० असें लिहिलें, तर ही शंका उरत नाहीं.

या साऱ्या बारकाव्यांचें मोल कळावयाचें असेल तर सात-बाराच्या उताऱ्याकडे पाहावें. गांव-नमुना सात आणि गांव-नमुना बारा यांचा हा एकत्र कागद म्हणजे जमीन कोणाच्या नांवें आहे आणि तींत काय पिकतें याची नोंद. जमिनीचे अभिलेख संगणकावर आणण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ मध्यें प्रायोगिक रीतीनें सुरू झाली, आणि महाराष्ट्रांत तिचा आरंभ वर्धा जिल्ह्यानें झाला. पुढें तें काम राज्यभर पसरलें. हस्तलिखित उतारे संगणकांत उतरवितांना चुका राहणें अपरिहार्य होतें. म्हणून २०१७ मध्यें राज्यांत चावडी-वाचनाची मोहीम घेण्यांत आली. संगणकांतील उतारा गांवांत सर्वांसमक्ष वाचावयाचा, खातेदारांनीं ऐकावयाचा, आणि चूक निघाल्यास ती दुरुस्त करावयाची. यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सात-बारा उतारे लोकांना मिळूं लागले.

या क्रमांत श्रोत्यांनीं एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. यंत्राच्या अंगीं पुष्कळ शहाणपण आणल्यावरहि शेवटची परीक्षा कानानें घ्यावी लागली. रुंद द्वार, ठरलेलें रूप, मराठीचा क्रम, पूर्ण संख्येंतील क्षेत्र हे सर्व उपाय प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हातांतील आहेत, आणि ते त्यानें केलेच पाहिजेत. पण नांव बरोबर आहे कीं नाहीं हें तें नांव धारण करणाराच सांगूं शकतो. ज्या प्रोग्रॅममध्यें चूक दाखविण्याची व ती सुधारण्याची वाट ठेवलेली नसते, तो कितीहि वेगानें चालो, त्याचें काम अपुरेंच राहतें.

मिरजेच्या तांब्याच्या पत्र्यापासून आजच्या पडद्यापर्यंत सव्वादोनशें वर्षांचा हा प्रवास आहे. त्यांत खिळे आले आणि गेले, कळा आल्या आणि गेल्या. यंत्रासाठीं लिपी तोडावी असें सांगणारेहि होऊन गेले. अखेरीस यंत्रालाच लिपी शिकावी लागली. कऱ्हाडच्या एखाद्या शेतकऱ्यानें खिडकीपाशीं उभें राहून आपलें नांव सांगावें, कळा दाबणाऱ्यानें तें लिहावें, आणि क्षणांत त्याचा उतारा त्याच्या हातीं पडावा, इतकी ही साधी गोष्ट आहे. तो उतारा घरीं नेऊन वाचतांना त्याची नजर ज्या अर्ध्या र-वरून सहज पुढें जाते, तो नीट उमटावा म्हणून किती जणांचे श्रम लागले हें त्याला कळण्याचें कारण नाहीं. त्याचें नांव त्याच्या जमिनीवर बिनचूक आहे, एवढें त्याला कळलें म्हणजे झालें.